हाली, कलदार आणि वित्तशास्त्राचा पहिला पाठ

विद्यापीठातील वित्तशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात पैशाचे मूल्य, विनिमयदर, व्याज व पत या संकल्पना प्रथम येतात. मुंबईत 1913 मध्ये सिडनॅम महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून वाणिज्याचे उच्च शिक्षण मुख्यत्वे इंग्रजीतून दिले गेले. त्यामुळे या संकल्पनाही इंग्रजीबरोबरच आल्या, असा समज रूढ झाला. फर्दापूर परिसराच्या चलनाचा इतिहास पाहिला असता तो समज टिकत नाही.

अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेले फर्दापूर निजामाच्या राज्यात होते. लगतचा खानदेश 1818 पासून इंग्रजी अमलाखाली होता. सीमेच्या अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. ‘हाली’ म्हणजे सध्या चालू असलेला. ‘कलदार’ म्हणजे कळीवर, अर्थात यंत्रावर पाडलेला. पुढे हैदराबादचे नाणेही यंत्रावर पडू लागले, तथापि ‘कलदार’ हे नाव इंग्रजी रुपयाकडेच राहिले.

दोहोंचा दर सामान्यतः सात हालीस सहा कलदार असा असे. म्हणजे 700 हालीचे 600 कलदार. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कलदारात सुमारे 10.69 ग्रॅम, तर हालीत सुमारे 9.14 ग्रॅम शुद्ध चांदी होती. हे प्रमाण सातास सहा याच्या अगदी जवळ येते. परंतु एवढ्यावरून दराचा उलगडा झाला असे मानणे चुकीचे ठरेल. इंग्रज सरकारने 1893 मध्ये खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. त्यानंतर कलदाराची किंमत केवळ चांदीवर अवलंबून राहिली नाही. 1918 च्या कायद्यान्वये हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. त्यांत तर चांदी मुळीच नव्हती. त्या चालल्या त्या राज्याच्या पतीवर. ‘पत’ या एकाच शब्दात माणसाची प्रतिष्ठा आणि कर्ज फेडण्याविषयीचा विश्वास हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

काळाच्या किमतीचेही असेच. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखविताच द्यावे लागत. मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. मुदत भरण्यापूर्वी हुंडी वटविल्यास वटाव कापला जाई. उद्याच्या शंभर रुपयांची आजची किंमत शंभरांहून कमी असते, हे आधुनिक पाठ्यपुस्तकातील सूत्र ‘वटाव’ या शब्दात व्यवहाररूपाने आधीच सिद्ध होते.

याचा अर्थ जुने शब्द सर्वत्र पुरेसे पडतील असा नव्हे. हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये गुंतवणुकीतील जोखमीची जी गणिती मांडणी केली, तिला पेठेत शब्द नव्हता. तेथे नवी परिभाषा घडविणे अपरिहार्यच होय. परंतु जेथे संकल्पना व शब्द दोन्ही समाजाच्या व्यवहारात नांदत होते, तेथे विद्यार्थ्यापुढे केवळ परकी संज्ञा अथवा कृत्रिम संस्कृत प्रतिशब्द ठेवल्याने ज्ञान दुर्बोध होते आणि आपल्या भाषेत हे शास्त्र नाहीच, अशी त्याची धारणा बनते.

हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर हाली चलन क्रमाने बाद झाले. त्या चलनाची व्यवस्था पाहणारी हैदराबाद स्टेट बँक 1956 मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 2017 मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नाणी आणि संस्था गेल्या. पत, वटाव, मुद्दल, तारण हे शब्द मात्र भाषेत उरले. मराठवाड्यातील प्रथम वर्षाच्या वर्गात वित्तशास्त्राचा आरंभ त्यांच्यापासून होणे इतिहासास धरून आहे व अध्यापनासही हितावह आहे.