नरेगासॉफ्ट

नरेगासॉफ्ट : ग्रामीण रोजगार हमीच्या कामांची नोंद व देखरेख यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) विकसित केलेली संगणकीय माहिती प्रणाली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ (२००९ पासून महात्मा गांधींच्या नावाने) याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या अंगमेहनतीच्या कामाचा हक्क दिला. योजना २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरू झाली व एप्रिल २००८ मध्ये देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाली. अशा कायदेशीर हमीचा पायंडा महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने पाडला होता.

कार्यपद्धती : जॉब कार्ड, कामाची मागणी, हजेरीपट (मस्टर), कामाचे मोजमाप व मजुरी या साखळीतील प्रत्येक टप्पा प्रणालीत नोंदला जातो. ई-मस्टरवर मागणी नोंदवलेल्या मजुरांचीच नावे छापून येत असल्याने कोऱ्या मस्टरवर मागाहून नावे भरण्याला आळा बसला. मोजमापानंतर निधी हस्तांतरण आदेश निघून मजुरी खात्यात जमा होते. अहवाल संकेतस्थळावर सर्वांना खुले असल्यामुळे केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाला दिसणारे बरेच आकडे पत्रकार व कामगार संघटनांनाही तपासता आले.

मर्यादा : जे नोंदलेच नाही, ते प्रणालीला दिसत नाही. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देय होतो. पण मागणीची तारीखच चढवली नाही, तर हा हक्क कागदोपत्री उभाच राहत नाही. मजुरीच्या विलंबाचेही तसेच. हजेरीपट बंद झाल्यावर १६ व्या दिवसापासून दररोज ०.०५% भरपाईची तरतूद आहे. प्रणाली मात्र ती हस्तांतरण आदेश निघेपर्यंतच मोजत असे. पुढे केंद्राकडून पैसे येण्यास लागणारा वेळ हिशेबाबाहेर राही. स्वराज अभियान या संघटनेने दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही विभागणी अमान्य केली.

२०२१ मध्ये कार्यस्थळावरील हजेरीसाठी छायाचित्रे घेणारे मोबाइल ॲप आले व जानेवारी २०२३ पासून ते सार्वजनिक कामांवर सक्तीचे झाले. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच छायाचित्र असे प्रकार आढळल्याने जुलै २०२५ मध्ये मंत्रालयाने ती माणसांकरवी तपासण्याचे आदेश दिले.

सामाजिक अंकेक्षण : संगणकातील नोंद गावात पडताळण्याची सोय २००५ च्या अधिनियमाच्या कलम १७ मध्ये करण्यात आली. आंध्र प्रदेशात या कामासाठी २००९ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. प्रशिक्षित ग्रामस्थ प्रणालीतील नोंदींच्या प्रती घेऊन घरोघर जात, मजुरांचे म्हणणे त्यांच्याशी ताडून पाहत आणि तफावती जनसुनावणीत मांडत. २०११ च्या नियमांनी सर्व राज्यांना, अंमलबजावणी यंत्रणेपासून स्वतंत्र राहून दर सहा महिन्यांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत असे अंकेक्षण करणे बंधनकारक केले.