पहिलं पुस्तक कुणाच्या पैशाने?



मागच्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर वणीजवळच्या एका वस्तीवरची एक ताई आम्हाला भेटायला आली. पिशवीत तीन जाड वह्या. द्राक्षांच्या छाटणीतून, विरळणीतून जी सवड मिळाली तिच्यात तिने सहा वर्षं एक कादंबरी लिहिली होती. म्हणाली, "छापून देतो म्हणणारा एक जण भेटलाय. पैसे सगळे मी द्यायचे, आणि एका कागदावर सही करायची. पैशांसाठी गळ्यातली पोत गहाण ठेवावी म्हणते. ठेवू का?"

आम्ही सात-आठ जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. हो म्हणावं तर पोत जाते, नाही म्हणावं तर वह्या पेटीत जातात. मग आम्ही ठरवलं, आपल्या आधीच्या बायकांनी हे कसं केलं ते आधी बघू. पुस्तक छापायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न काही आजचा नाही. मराठीत बायका लिहायला लागल्या तेव्हापासून तो आहे. आजचं आमचं बोलणं त्यावरच आहे.

पहिली मराठी कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. ती १८५७ सालची, आणि विषय होता विधवांचे हाल. बाईने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी साळूबाई तांबवेकर यांची मानतात, 'चंद्रप्रभाविरहवर्णन', साल १८७३. म्हणजे पहिली कादंबरी आली आणि पुढच्या सोळाच वर्षांत बाईची कादंबरी आली.

त्या काळी आजच्यासारखे प्रकाशक फार नव्हते. ज्याला पुस्तक काढायचं असेल त्याने मजकूर घेऊन छापखान्यात जायचं, खर्च ठरवायचा आणि पैसे उभे करायचे. पैसे उभे करायची एक चाल फार चांगली होती. पुस्तक निघण्याआधीच ओळखीपाळखीत फिरून आगाऊ वर्गणीदार गोळा करायचे. त्यांनी पैसे आधी द्यायचे, पुस्तक मागून घ्यायचं. कित्येक जुन्या पुस्तकांत अशा आश्रयदात्यांच्या नावांची यादीच छापलेली असते. तेव्हा स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं यात कमीपणा काहीच नव्हता. कमीपणा मागून चिकटला, मोठे प्रकाशक आल्यावर.

आता ताराबाई शिंदे यांची गोष्ट. ताराबाई विदर्भातल्या बुलढाण्याच्या. वडील सरकारी कचेरीत होते, सत्यशोधक समाजाशी घराचा संबंध होता. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, तान्हं मूल मारलं म्हणून, फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चालचलणुकीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. दोष सगळे बायकांचेच कसे, पुरुषांचे कुठे गेले, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

आपण गटाच्या बायका, हिशोब केल्याशिवाय राहणार नाही. पाचशे प्रतींचे नऊ-नऊ आणे म्हणजे साडेचार हजार आणे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे सगळ्या प्रती विकल्या तरी हाती येणार दोनशे एक्क्याऐंशी रुपये चार आणे. त्यातून कागद, छपाई, बांधणी. या धंद्यात श्रीमंती तेव्हाही नव्हती.

पण ताराबाईंना कमी पडली ती गोष्ट वेगळीच. पुस्तकावर टीका झाली. जोतिराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी ताराबाईंची बाजू मांडली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही मिळत नाही. आणि हे पुस्तकही लोकांच्या विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ते अभ्यासकांपर्यंत पोहोचलं. मधे गेली त्र्याण्णव वर्षं! आज ते महाराष्ट्राबाहेरही शिकवतात. आम्हाला वाटतं, पाचशे प्रती निघाल्या खऱ्या, पण ते पुस्तक आपलं म्हणून जपणाऱ्या, ते पुढे नेणाऱ्या बायकांचा गोतावळा तेव्हा तयार नव्हता.

काशीबाई कानिटकरांनी दुसरी वाट धरली. जन्म १८६१, सांगलीकडच्या आष्ट्याचा. नवव्या वर्षी लग्न. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती आणि घरातल्या मोठ्यांना ते खपत नव्हतं. काशीबाई लपतछपत वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी 'रंगराव' ही कादंबरी लिहायला घेतली. ती आधी 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकातून, १८८६ च्या सुमारास, तुकड्यातुकड्याने येऊ लागली. पुस्तक म्हणून निघाली १९०३ साली. मधल्या काळात, १८८९ मध्ये, त्यांनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्रही प्रसिद्ध केलं. मासिकात आधी येण्याचा फायदा बघा. एकदम मोठा खर्च नाही, एकदम मोठा धोका नाही. वाचणारे हळूहळू जमतात, लिहिणारीचा हात बसतो, आणि पुस्तक निघतं तेव्हा नाव आधीच माहीत झालेलं असतं.

आता आपल्याजवळची गोष्ट सांगतो. वणीहून नाशिकला आपण बाजाराला जातो, दवाखान्याला जातो. त्या नाशिकजवळच जलालपूर आहे, गोदावरीकाठचं. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या, जन्म १८६८. शाळा नाही. लग्न लहानपणी, नवरा कवी नारायण वामन टिळक. लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, तेही मोडत-जोडत. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा घर तुटलं, काही वर्षांनी त्या स्वतःहून त्याच्याकडे गेल्या. हे सगळं जगून झाल्यावर, उतारवयात, मुलाने, देवदत्त टिळकांनी, पाठपुरावा केला म्हणून त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या 'संजीवनी' साप्ताहिकात येऊ लागल्या. १९३४ मध्ये 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला, बाकीचे भाग पुढच्या दोन-तीन वर्षांत. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या.

ही कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. पण आमच्या ताईसारख्या बाईला यातून दोन गोष्टी घेता येतात. एक म्हणजे, लक्ष्मीबाईंनी बोलतात तसं लिहिलं. चुलीपुढे बसून सांगावं तसं. शुद्धलेखन येत नाही म्हणून लिहिणं थांबवलं नाही, आणि आज मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्यांचं नाव पहिल्या काहींत घेतात. दुसरं म्हणजे, त्यांच्या मागे एक माणूस होता जो कागद गोळा करी, तगादा लावी. लिहिणारी एक असली तरी पुस्तक काढायला निदान दोघं लागतात.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी येई, ती त्या वाचत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वहीत आपल्या समाजाची, आपल्या बायकांची कथा लिहीत. घरच्यांना कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवत. असं वीसेक वर्षं चाललं. फलटणला राहणाऱ्या भाषेच्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना ते कळलं, त्यांनी छापायचा आग्रह धरला. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमाने आलं, १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झालं. पुढे ते इंग्रजीतही गेलं. वीस वर्षं दडवलेली वही, आणि ती बाहेर आली एका मैत्रिणीच्या शब्दावर.

बघा, तिघींची वाट जवळपास सारखीच आहे. काशीबाई, लक्ष्मीबाई, बेबीताई, तिघींचं लिखाण आधी थोडंथोडं लोकांपुढे आलं आणि मग पुस्तक झालं. कुणीतरी आधी वाचलं, ऐकलं, 'पुढे काय' असं विचारलं.

आगाऊ वर्गणीची जुनी चालही मेली नाही. १९७० च्या दशकात मुंबईत 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ सुरू झाली. सभासदांनी पैसे आधी भरायचे आणि त्या पैशांवर पुस्तकं निघायची. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये असंच वाचकांच्या बळावर आलं. मैत्रिणींनो, थोडंथोडं सगळ्यांनी आधी टाकायचं आणि मोठं काम उभं करायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? आपला बचत गट दुसरं काय करतो?

म्हणून त्या ताईला आम्ही जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पोत गहाण ठेवायची नाही. आधी कादंबरी वाचून दाखवायची. आठवड्याला एक प्रकरण, गटाच्या बैठकीनंतर. बायका कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे चुळबुळ करतात ते बघायचं आणि तसं वहीत दुरुस्त करायचं. मग एखाद्या शिक्षिकेकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचं, पण तिला सांगायचं की आमची बोली बदलू नका.

मग छापखान्याचा हिशोब. पुस्तकाचा खर्च फर्म्यावर चालतो. साधारणपणे सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकशे साठ पानांचं पुस्तक दहा फर्म्यांचं. अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं, मुखपृष्ठ हा खर्च एकदाच, प्रती कितीही काढा. कागद, छपाई, बांधणी प्रतींबरोबर वाढते. पूर्वी पाचशे-हजार प्रतींखाली परवडत नसे. आता डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतीही निघतात, एक प्रत थोडी महाग पडते इतकंच. दोन-तीन ठिकाणचे दर लेखी घ्या. समजा पुस्तकाची किंमत दीडशे ठेवली आणि शंभर जणींनी आधी पैसे दिले, तर पंधरा हजार हातात येतात, आणि ते कर्ज नसतं.

सही करायच्या कागदाचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिणारीचा हक्क लिहिल्याबरोबर तिचाच असतो, तिच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. त्यासाठी नोंदणीची सक्तीही नाही. पैसे तुमचे आणि हक्क दुसऱ्याचा, असा कागद असेल तर सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि 'सर्व हक्क' हे दोन शब्द कुठे आले आहेत ते आधी शोधा.

पुस्तकाला आयएसबीएन नावाचा क्रमांक लागतो. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला फी नाही. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. हे ओझं समजू नका. ताराबाईंचं पुस्तक त्र्याण्णव वर्षं अंधारात राहिलं, तुमचं निदान चार कपाटांत जपून राहील. आणि नव्या लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, कादंबरीही तिच्यात बसते. अर्ज कधी मागवतात याची चौकशी करत राहायची.

त्या ताईने पोत गळ्यात तशीच ठेवली आहे. दर शुक्रवारी ती वस्तीवरच्या बायकांना एक प्रकरण वाचून दाखवते. चार प्रकरणं झाली. चौथ्याला एक म्हातारी म्हणाली, "त्या पोरीला सासरी परत धाडू नको गं." ताई आम्हाला म्हणाली, आता शेवट बदलावा का, या विचाराने झोप नाही. आगाऊ पैसे देणाऱ्यांच्या यादीत एकोणीस नावं झाली आहेत, त्यात आम्हा सगळ्यांची आहेत. त्या म्हातारीला वाचता येत नाही, तरी तिने आपलं नाव घालायला लावलं.

तुमच्याही गावात कुणाच्या पेटीत, डाळीच्या डब्यामागे, गादीखाली वही असेल. तिला म्हणा, एक प्रकरण वाच, आम्ही ऐकतो.