शब्दवेध : चढ

दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' ही संज्ञा भेटली की मला वर्ध्याजवळच्या पवनारची वाट आठवते. धाम नदीच्या काठावरून ती त्या टेकाडावर जाते, जिथे गणितावर जीव असलेले विनोबा १९३८ साली राहावयास आले. 'चढ' तत्सम नव्हे. संस्कृत 'आरुह्' धातूच्या जागी प्राकृतात 'चड' येतो, अशी नोंद बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या व्याकरणात असून, आपले 'चढणे' त्याच कुळातले.

चार पावले आडवे सरकताना उंची एक पाऊल वाढली, तर चढ १/४. म्हणजे चढ ही उंची नव्हे, लांबीही नव्हे, तर त्या दोहोंचे गुणोत्तर होय, आणि टेकाडाच्या वाटेवर ते पावलागणिक पालटत असले, तरी सरळ रेषेवर कोणतेही दोन बिंदू घ्या, समरूप त्रिकोणांच्या न्यायाने ते रतिभर ढळत नाही.

शेतकऱ्याचा 'उतार' गणितात चढच, फक्त ऋण. आणि तलाठ्याच्या दप्तरातून उतरवून घेतलेला सातबाराचा 'उतारा' हा त्याच 'उतरणे'चा सोयरा. 'प्रवणता' हा भारदस्त पर्याय हाताशी असताना पाठ्यपुस्तककारांनी बैलगाडीच्या वाटेवरचा हा शब्द पसंत केला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.