मुक्त संगणक-प्रणालींतील चलच्चित्रांचे वर्जित रुमाल

(१) जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस रुमाल ही वस्तु अपरिचित नाहीं. एका प्रकरणाचे कागद एका फडक्यांत बांधून, वर चिठ्ठी लावून, दप्तरांत ठेवीत; आणि त्या रुमालांतून कांहीं कागद कमी आढळले तर ते केव्हां, कोणीं व कां काढले याचा शोध घेणें हें संशोधकाचें पहिलें काम असतें. संगणकाच्या क्षेत्रांत गेल्या सुमारें तीस वर्षांत अशीच एक दप्तरपद्धति सिद्ध झाली असून तिच्या रुमालांतूनहि कांहीं भाग जाणूनबुजून काढण्यांत आले. हे भाग चलच्चित्रें लिहिण्या-वाचण्याचे होते, आणि ते काढण्याचें कारण पेटंटाचा कायदा हें होतें. या प्रकरणाची हकीकत, तींतील भारताचा व मुंबईचा भाग, आणि आपणां संग्राहकांशीं तिचा येणारा संबंध एवढें प्रस्तुत टिपणांत मांडावयाचें आहे.

(२) प्रथम परिभाषा स्पष्ट केली पाहिजे. ज्या संगणक-कृतीची मूळ संहिता सर्वांस वाचण्यास, सुधारण्यास व पुन्हां वाटण्यास मोकळी असते तिला ‘मुक्त’ म्हणतात. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. अशा हजारों कृति एकत्र करून, एकमेकींशीं जुळवून, त्यांचा संच जो समुदाय किंवा जी कंपनी वाटते तिच्या संचास ‘वितरण’ अशी संज्ञा आहे. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३) व उबुंटू (२००४) हीं त्यांतील प्रमुख वितरणें होत. संचांतील प्रत्येक कृति एका ‘पॅकेजांत’ बांधलेली असते. पॅकेज हाच आपला रुमाल. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजांत ‘चेंजलॉग’ नांवाचा लेख असतो. नव्या आवृत्तींत काय बदललें हें सांगून त्याखालीं बांधणाऱ्यानें आपलें नांव व दिनांक घालावयाचा, असा तेथील दंडक आहे. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, शक, तिथि व वार घालतो त्या पुष्पिकेचेंच हें रूप होय. इतकेंच नव्हे, तर मुक्ततेच्या नियमांत न बसणारा भाग मूळ संहितेंतून गाळला असेल तर आवृत्तीच्या अंकास ‘डीएफएसजी’ हीं अक्षरें जोडण्याचा प्रघात आहे. त्रुटित पोथीनें आपण त्रुटित असल्याचें आपणच सांगावें, अशांतला हा प्रकार आहे.

आतां ‘कोडेक’. चलच्चित्र म्हणजे एका सेकंदांत पंचवीस-तीस स्थिर चित्रांची मालिका. तीं सर्व पूर्णपणें नोंदलीं तर जागा अतोनात लागते. म्हणून लागोपाठच्या चित्रांत जेवढें बदललें तेवढेंच नोंदावयाचें, व डोळ्यास जें जाणवणार नाहीं तें टाकून द्यावयाचें, अशा युक्त्यांनीं त्यांचा संक्षेप करतात. हा संक्षेप करण्याच्या व तो उलगडण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. मोडी पत्रांतील ‘छ’, ‘बि॥’ वगैरे संक्षेप ज्यास ठाऊक नाहींत त्यास अक्षर लागूनहि मजकूर लागत नाहीं. चलच्चित्राची गोष्ट याहून कठीण, कारण तेथें कोडेकावांचून एक अक्षरहि लागत नाहीं.

(३) पेटंट, ज्यास शासकीय परिभाषेंत एकस्व म्हणतात, हा शोधकास ठराविक मुदतीपुरता मिळणारा अनन्य अधिकार होय. ही मुदत बहुतेक देशांत अर्जापासून वीस वर्षांची आहे. व्हीसीडी-तबकड्यांवरील एमपीईजी-१ (१९९३), डीव्हीडीवरील एमपीईजी-२, आणि आज भ्रमणध्वनींत सर्वत्र आढळणारा एच.२६४ (२००३) हे कोडेक प्रसिद्ध मानकें आहेत. मानक म्हणजे त्यांची रीति छापील स्वरूपांत कोणासहि मिळते. परंतु तींतील युक्त्यांवर अनेक कंपन्यांचीं पेटंटें असल्यामुळें, त्यांची मुदत असेतोंवर, ती रीति अमलांत आणण्यास अनुमति लागे. एमपीईजी-२ व एच.२६४ यांच्याबाबत एमपीईजी एलए या अमेरिकन संस्थेनें हीं पेटंटें एकत्र करून त्यांचा परवाना देण्याची व्यवस्था केली. प्रतींच्या संख्येप्रमाणें शुल्क, असें तिचें सामान्य स्वरूप होतें.

यावर कोणी म्हणेल कीं वितरकांनीं शुल्क भरून मोकळें व्हावें. परंतु अडचण तेथेंच आहे. मुक्त कृतींचा सर्वांत प्रसिद्ध परवाना जो जीपीएल, त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तींतील सातवें कलम असें कीं, प्रत ज्याच्या हातीं जाईल त्यास, व त्याच्याकडून पुढें ज्यास मिळेल त्यासहि, ती विनाशुल्क वाटतां आली पाहिजे. पेटंटामुळें तसें होत नसेल तर ती कृति मुळींच वाटूं नये. म्हणजे स्वतःपुरतें शुल्क भरून इतरांस मागें ठेवण्याचा मार्ग या परवान्यानें बंद केला. शिवाय प्रती किती निघाल्या हें खुद्द वितरकासहि माहीत नसतें. ज्या ग्रंथाची नक्कल कोणींहि, कोठेंहि करावी असा संकेत आहे त्याच्या प्रती मोजून कर द्यावयाचा कसा?

(४) परिणामीं रुमालांतून भाग काढले गेले. रेड हॅट कंपनीनें २००२ च्या आठव्या आवृत्तींतून एमपी३ ध्वनि वाजविण्याची सोय काढून टाकली. हा कोडेक ध्वनीचा असला तरी पुढील सर्व प्रकरणाचा कित्ता यानें घालून दिला. डेबियननें निराळा मार्ग धरला. एफएफएमपेग (२०००) या कृतींत बहुतेक सर्व कोडेक एकत्र आहेत. तिच्यांतील उलगडण्याचे भाग डेबियननें ठेवले व संक्षेप करण्याचे कांहीं भाग कित्येक वर्षें वगळले. वाचण्यास मोकळीक, लिहिण्यास मनाई, अशी ही तडजोड होती. उबुंटूंत याच कृतीचा अखंड संच निराळ्या रुमालांत बांधून त्यास प्रथम ‘अनस्ट्रिप्ड’, म्हणजे न छाटलेला, व पुढें ‘एक्स्ट्रा’, म्हणजे अधिकचा, असें नांव मिळालें. नांवांतील हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे: पहिल्या नांवांत छाटणीची कबुली आहे, दुसऱ्यांत ती उरली नाहीं.

जीस्ट्रीमर या कृतीनें २००५ च्या सुमारास आपल्या उपांगांचे ‘गुड’, ‘बॅड’ व ‘अग्ली’ असे तीन वर्ग केले. हीं नांवें एका पाश्चात्त्य चित्रपटावरून घेतलीं आहेत. पहिला वर्ग निर्दोष. दुसरा अपक्व. तिसरा गुणांनीं उत्तम, परंतु वाटण्यास परवान्याची किंवा पेटंटाची अडचण असलेला. येथें कुरूपता कृतीची नसून कायद्याच्या नजरेंतील आहे, हें न जाणणारा उद्यांचा संशोधक या नांवांवरून भलतेंच अनुमान काढील.

काढलेले भाग नष्ट मात्र झाले नाहींत. वितरणाच्या बाहेर, ज्या देशांत पेटंटाचा जाच कमी तेथें, स्वयंसेवकांनीं परिशिष्ट-भांडारें उघडलीं. फेडोरासाठीं चालणारीं लिव्हना, फ्रेशआरपीएम्स व ड्रिबल हीं तीन भांडारें २००८ सालीं एकत्र होऊन आरपीएम फ्यूजन झालें. सिस्को कंपनीनें ३० ऑक्टोबर २०१३ रोजीं तिसरीच तोड काढली. एच.२६४ ची आपली संहिता तिनें मुक्त केली व शुल्क स्वतः भरण्याचें पत्करलें; अट एवढीच कीं तयार प्रत सिस्कोच्याच भांडारांतून उतरवून घेतली पाहिजे. संहिता तीच असूनहि वितरकानें स्वहस्तें बांधलेली प्रत या संरक्षणाबाहेर राहते. शिक्क्याची सनद आणि तिची नक्कल यांत मजकुराचा फरक नसतो, अधिकाराचा असतो. तोच न्याय येथें लागूं झाला.

मुदत संपली कीं काढलेले भाग परत येतात. एमपी३ चें वाचन फेडोरांत २०१६ च्या अखेरीस परत आलें, आणि २०१७ च्या एप्रिलांत मूळ परवानाव्यवस्था बंद झाल्यावर लेखनहि आलें. २००२ ते २०१६ हा लोप अशा रीतीनें दोन्ही टोकांस दिनांकित आहे. मात्र प्रवाह एकाच दिशेचा मानूं नये. सप्टेंबर २०२२ मध्यें फेडोरानें यंत्राच्या चित्रपटलामार्फत एच.२६४ व एच.२६५ उलगडण्याची सोय, जी तोंवर चालू होती ती, काढून टाकली.

(५) आतां भारताकडे वळूं. १९७० च्या पेटंट कायद्यांत २००२ च्या दुरुस्तीनें ३(के) हें पोटकलम आलें व २० मे २००३ पासून तें लागूं झालें. गणिती रीति, व्यापारी रीति, ‘केवळ संगणक-कार्यक्रम’ व अल्गोरिदम यांस पेटंट देतां येत नाहीं, असा त्याचा आशय आहे. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशानें उद्योगांतील तांत्रिक उपयोग किंवा यंत्रासहित जोड असल्यास संगणक-कार्यक्रमास पेटंटाची वाट मोकळी करण्याचा प्रयत्न झाला. मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनीं व संसदेंत डाव्या पक्षांनीं त्यास विरोध केला, आणि २००५ च्या अधिनियमांतून ती शब्दवाढ गळाली. तथापि यावरून भारतांत सर्व मोकळें आहे असें समजणें चूक होईल. डीव्हीडीवरील संकेत उलगडणाऱ्या यंत्रभागाच्या पेटंटावरून फिलिप्स कंपनीनें भारतीय उत्पादकांविरुद्ध चालविलेल्या दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें जुलै २०१८ मध्यें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. पेटंटाची मुदत तेव्हां संपून गेली होती. तरी मागील काळाचें शुल्क देय ठरलें.

निष्कर्ष असा कीं, केवळ कार्यक्रमास पेटंट नाकारणाऱ्या देशांतील वाचकासहि छाटलेलीच प्रत मिळत राहिली. कारण प्रत कोणत्या कायद्याखालीं लिहिली जाते हें वाचकाच्या गांवावर नव्हे, लेखकाच्या गांवावर अवलंबून असतें.

(६) याचा प्रत्यय मुंबईंतच घेतां येतो. गोवंडी व मानखुर्द या हार्बर मार्गावरील लगतच्या स्थानकांच्या परिसरांत, पुरव मार्गावर, टाटा सामाजिक विज्ञान संस्था व होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (१९७४) या दोन संस्था आहेत. भाभा केंद्रांतील नॉलेज प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेले नागार्जुन जी. हे मुक्त प्रणालीच्या भारतीय प्रतिष्ठानाचे (स्थापना २००१) अध्यक्षहि होते. टाटा संस्थेनें २०१५ सालीं अमेरिकेंतील एमआयटीच्या सहकार्यानें सरकारी शाळांसाठीं क्लिक्स हा उपक्रम काढला. त्याचें संगणकीय व्यासपीठ भाभा केंद्राच्या या प्रयोगशाळेंत मुक्त प्रणालीवर सिद्ध झालें. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा व मिझोराम येथील शाळांत इंटरनेटचा भरंवसा नसल्यामुळें सर्व साहित्य शाळेंतल्याच संगणकावर ठेवावें लागे. अशा शाळेंत वितरण छाटलेलें असलें तर परिशिष्ट-भांडार गांठणार कसें? जोडणी असलेल्या घरीं जी केवळ किरकोळ गैरसोय, ती अशा वर्गांत धडाच बंद पाडते.

या अडचणीस मुंबईंत एक उत्तर पूर्वींच मिळालें होतें. एक अमेरिकन कंपनी जी ऑन२, तिनें आपला एक कोडेक मुक्त केला व त्यापासून थिओरा (पहिली पूर्ण आवृत्ति २००८) हा कोडेक तयार झाला. शुल्काचा प्रश्न नसल्यानें तो प्रत्येक वितरणाच्या मूळ रुमालांत बसला. पवईच्या आय.आय.टी.तील स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमानें मराठीसह अनेक भारतीय भाषांतील आपले धडे याच लिपींत वाटले. २००८ सालीं सुरू झालेल्या पॅड.मा या मुंबईच्या चित्रफीत-संग्रहानेंहि आरंभीं थिओराच पत्करला. संग्रहाच्या घडणींतील बर्लिनचे यान गेर्बर यांनींच थिओरांत रूपांतर करणारें प्रसिद्ध साधन लिहिलें होतें. चित्राची सफाई एच.२६४ हून कमी होती, हें मान्य केलें पाहिजे. परंतु वाचकानें परवाना शोधावा यापेक्षां लेखकानें मोकळी लिपि निवडावी, हें धोरण येथें स्पष्ट दिसतें. पुढें वेबएम (२०१०) व एव्ही१ (२०१८) यांनीं तोच मार्ग अधिक सफाईनें चालविला.

(७) आपल्या संग्रहांतून आतां पोथ्यांबरोबर कीर्तनांच्या, उत्सवांच्या, वृद्ध शाहिरांच्या मुलाखतींच्या चित्रफितीहि जमूं लागल्या आहेत. तेव्हां संग्राहकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. एक, सूचींत कागद व लिपि नोंदतों तसा प्रत्येक चित्रफितीचा कोडेक नोंदावा. ‘व्हिडिओ’ एवढी नोंद म्हणजे ‘एक जुनें पुस्तक’ अशी नोंद होय. दोन, मूळ प्रत टाकूं नये. एका संक्षेपांतून दुसऱ्यांत उतरवितांना प्रत्येक वेळीं कांहीं अंश कायमचा जातो. तीन, नवी प्रत करावयाची ती निर्लोप व मोकळ्या लिपींत करावी. एफएफव्ही१ हा एफएफएमपेगमध्यें घडलेला व २०२१ सालीं मानक म्हणून प्रसिद्ध झालेला कोडेक त्यासाठीं जगांतील अनेक अभिलेखागारें वापरतात. चार, चित्रफितीबरोबर ती उलगडणाऱ्या कृतीची मूळ संहिता, पॅकेजाच्या पुष्पिकेसह, जतन करावी.

मोडी वाचणारे विरळ झाल्यावर किती दप्तरें मुकीं झालीं हें आपण पाहत आहों. तेथें लिपि कोणाच्या मालकीची नव्हती. वाचणारा तयार करणें एवढेंच काम होतें, आणि मंडळांच्या मोडी वर्गांनीं तें केलें. चलच्चित्रांच्या लिपीबाबत वाचणारें यंत्र आज घरोघर आहे, म्हणून ती उद्यांहि वाचली जाईल असें गृहीत धरूं नये. पेटंटाची मुदत वीस वर्षांनीं संपते. परंतु तेवढ्यांत उलगडणारी कृति जपली गेली नाहीं तर मोकळीक मिळते ती कोणासहि न वाचतां येणाऱ्या तबकडीला.