दोष, गुण आणि माळ्यावरचा अँप्लिफायर

सुमारे अठरा वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकत असताना मी एक जुना गिटार-अँप्लिफायर विकत घेतला. १९७०च्या दशकातला, व्हॉल्ववर चालणारा आणि जिना चढवताना दोघांना दम लागावा इतका जड. वर्षभरातच माझे मन त्यावरून उडाले. त्याचा नाद मला 'थंड' वाटे. आवाज कितीही वाढवला तरी स्वर फाटत नसे, खरखरत नसे. वाजवणाऱ्याची प्रत्येक चूक मात्र तो स्वच्छ ऐकवी. परतताना तो सामानातून पुण्यात आला खरा, पण १२० व्होल्टचे ते यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालवण्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर घेण्याचाही उत्साह मला राहिला नव्हता. तो माळ्यावर गेला.

गेल्या पावसाळ्यात छत गळू लागले म्हणून माळा रिकामा करावा लागला. अँप्लिफायर खाली आला, एका जाणकार कारागिराकडे गेला, दुरुस्त झाला. जोडून पाहिला तर नाद तोच होता. आता मात्र तो मला थंड वाटेना. एकेक स्वर सुटा, तारेवरच्या बोटाचा दाब जाणवून देणारा, आणि मागे पुष्कळ मोकळी जागा. ज्याला मी उणीव म्हणत होतो तोच त्याचा गुण होता.

हा अनुभव खासगी असला तरी त्यामागचा इतिहास खासगी नाही. गिटार-अँप्लिफायरच्या इतिहासात दोष आणि गुण यांनी वारंवार जागा बदलल्या आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला हा इतिहास ओळखीचा वाटेल.

व्हॉल्वला त्याच्या मर्यादेपलीकडचा संकेत दिला की ध्वनिलहरींचे माथे सपाट होतात. मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. स्वर जाड होतो, लांबतो, खरखरतो. अभियंत्याच्या भाषेत हे डिस्टॉर्शन, म्हणजे विकृती. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्त करता करता वाद्यनिर्मितीकडे वळलेल्या लिओ फेंडर यांना ही विकृती नको होती. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आसपासचे कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे वादक त्यांना सांगत आणि ते यंत्रे सुधारत. त्या वादकांना आवाज मोठा आणि निर्मळ हवा होता.

परंतु त्याच काळात विकृतीने मागच्या दाराने प्रवेश केला. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा अँप्लिफायर प्रवासात बिघडला होता, आणि फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली गेली, असे सांगितले जाते. १९५८ साली लिंक रे यांनी 'रंबल'साठी स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी'च्या नॅशव्हिलमधील मुद्रणात उपकरणातील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाला घोगरी किनार आली. ती पुसून न टाकता तशीच ठेवण्यात आली. १९६४ साली लंडनमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिस यांनी छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरवर ब्लेड चालवले आणि 'यू रिअली गॉट मी' जन्मले. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: प्रथम अपघात, मग अपघाताचा स्वीकार, आणि शेवटी अपघाताची हेतुपूर्वक निर्मिती. वाङ्मयातील कितीतरी 'संप्रदाय' याच वाटेने आले आहेत.

फेंडरच्या 'बेसमन' या यंत्राची कथा आणखी बोलकी आहे. नावाप्रमाणे ते बेस गिटारसाठी होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यात दहा इंची चार स्पीकर असत. साध्या गिटारवादकांनी ते आपलेसे केले. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. तेथे केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२ साली बेसमनची मंडलरचना समोर ठेवून स्वतःचा अँप्लिफायर बांधला. भाग इंग्लंडात मिळणारे वापरले, म्हणून नाद थोडा वेगळा झाला. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्ससह एरिक क्लॅप्टन यांनी स्टुडिओतही मार्शलचा अँप्लिफायर रंगमंचावरच्या आवाजात वाजवला, आणि विकृती ही एका पिढीची प्रमाणभाषा झाली. भाषांतराने मूळ कृतीला तिच्या कर्त्याच्या मनातही नसलेला अर्थ द्यावा, तसेच हे झाले.

इकडे १९६५च्या जानेवारीत लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएसला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. १९६८च्या सुमारास अँप्लिफायरची काळी पट्टी जाऊन रुपेरी आली. नवे अभियंते जुन्याच ध्येयाशी प्रामाणिक होते: विकृती कमी, ताकद जास्त. 'ट्विन रिव्हर्ब' हे यंत्र ८५ वॅटवरून १९७७च्या सुमारास १३५ वॅटपर्यंत पोचले. पण ते स्वच्छतेच्या दिशेने चालले होते, तेव्हा रॉकचा श्रोता विरुद्ध दिशेने निघून गेला होता. रुपेरी पट्टी ही अधोगतीची खूण ठरली, आणि अनेक कारागीर रुपेरी यंत्रांतील जोडण्या बदलून त्यांना पूर्वीच्या 'काळ्या' रूपात नेऊ लागले. पाठसंपादकाने उत्तरकालीन प्रत 'भ्रष्ट' ठरवून कल्पित मूळ संहितेकडे दुरुस्त करावी, तसा हा उद्योग होता. पुढे विकृती पायाशी ठेवलेल्या पेडलमधून मिळू लागली, तेव्हा अँप्लिफायरकडून निर्मळ कोऱ्या पटाची अपेक्षा होऊ लागली. आता त्याच रुपेरी यंत्रांना आदराने जपणारे वादक आहेत, आणि त्यांना दुरुस्त न केलेली प्रत हवी असते.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्स येथील व्याख्यानात साहित्येतिहासाचा विचार वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'पासून सुरू करण्याचा आग्रह धरला होता. कृती तीच राहते, क्षितिज सरकते. माझ्या अँप्लिफायरला हे सूत्र लावून मोकळे होणे सोपे आहे. पण प्रामाणिकपणे पाहिले तर कृतीही तीच राहिलेली नाही. कारागिराने वाळलेले कॅपॅसिटर बदलले; व्हॉल्व नवे घातले. माझे कानही तेच नाहीत: वयाबरोबर वरच्या पट्टीतील सूक्ष्म ध्वनी आधी हरवतात, म्हणजे तेव्हा टोचणारा तीव्रपणा आज मला कदाचित ऐकूच येत नसेल. आणि मधल्या काळात मी कमी स्वर, सावकाश वाजवू लागलो. यंत्र, कान आणि रुची या तिघांपैकी नेमके कोण किती बदलले, हे वेगळे काढणे मला शक्य नाही. 'माझी अभिरुची प्रगल्भ झाली' असे म्हणणे त्यामुळे धाडसाचे ठरेल.

हे लिहिण्याचे खरे कारण निराळे आहे. अँप्लिफायर माळ्यावर गेला त्याच सुमारास मी एका कवितासंग्रहाचे परीक्षण लिहिले होते. त्यात मी त्या कवितेला 'थंड' म्हटले होते. हाच शब्द, याच अर्थाने. कवीने पुढे काही प्रसिद्ध केले नाही. त्याला माझे परीक्षण कारण होते असे मानण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण यंत्राला मी माळ्यावर ठेवू शकलो. ते वाट पाहत राहिले, आणि त्याचे बिघडले ते दुरुस्तही झाले. छापलेला शब्द परत घेता येत नाही.

संग्रह काल कपाटातून काढला आहे. तो मला आता आवडेलच असे नाही. कदाचित पूर्वीचेच मत कायम राहील. मात्र या वेळी 'थंड' हा शब्द लिहिण्याआधी, थंड कोण होते, हे मला पाहावे लागेल.