बंडीपासून हवेच्या फुग्यापर्यंत

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. जुन्या बंडीला लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव. प्रत्येक खड्डा बैलाच्या खांद्याला कळे. १८८८ साली बेलफास्टला डनलॉप यांनी हवेचे टायर केले. कालांतराने तशी चाके बंडीलाही आली आणि बैलांची ओढ हलकी झाली.

१९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. संत्र्याची वाट मात्र नागपूरचीच राहिली. त्या वाटेवर वडिलांच्या जीपचे पाटे तुटत. एक पाटा जादा घातला, की रिकामी जीप आदळे.

अमेरिकेत १९५४ साली ग्रेहाउंडच्या सीनिक्रूझर बसगाड्या पोलादी पाट्यांऐवजी हवेवर तोलल्या गेल्या. तीच युक्ती यंदा मी अंगणात केली. चेसिस भक्कम घोड्यांवर टेकवली. मागचा आस आणि चेसिस यांच्यामध्ये, पाट्यांच्या जोडीला, दोन रबरी फुगे बसवले. दोन्हींच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या. नळी एकच असली, तर वळणावर हवा पलीकडच्या फुग्यात जाते आणि गाडी कलते. सांधे साबणाच्या पाण्याने तपासले.

संत्र्याचे कॅरेट भरले. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी बसलीच नाही. आणखी दहा टाकू?"

मी हवा सोडली. गाडी खाली बसली. ओझे तेच होते, फक्त दिसत नव्हते. ब्रेक, टायर, आस सारे जुनेच. हवा पुन्हा भरली, पण ते दहा कॅरेट अंगणातच राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना बैलाची सूज हाताला लागे. जीपचा खांदा आपणच ओळखायचा.