मूळचे कोणीच नसलेला देश

चार वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच सरत आला असताना, रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या पायरीशी एक परदेशी गृहस्थ येऊन उभे राहिले. रंगरूप आपल्यासारखे, आडनाव आपल्याकडचेच. मराठी मात्र थेट पुस्तकातले. "गुरुजी, आपणांस थोडा अवकाश आहे काय?" असे त्यांनी विचारले तेव्हा माझी मुले तोंडावर हात धरून हसली. गृहस्थ मॉरिशसचे होते. त्यांच्या हातात तिथल्या जुन्या सरकारी नोंदवहीतल्या एका नोंदीची प्रत होती: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, कपाळावरचा व्रण, आणि शेवटी गाव. ते गाव कुणा कारकुनाने कानाला लागले तसे इंग्रजी अक्षरांत उतरवलेले. नोंद त्यांच्या पणजोबांची होती आणि गावाचे नाव मला वाचता येते का, एवढेच त्यांना हवे होते.

मी ते चार तऱ्हांनी वाचून पाहिले. आमच्याच जिल्ह्यात त्याला जुळणारी तीन गावे निघाली!

तो पेच तसाच ठेवून मी त्यांना वर्गात नेले. पृथ्वीच्या गोलावर त्यांचा देश शोधताना मुलांची बोटे बराच वेळ हिंदी महासागरात बुडत राहिली. मादागास्करच्या पूर्वेस तो एक ठिपका आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा पाव हिस्साही नव्हे. ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेली ही भूमी. भोवती पोवळ्यांचा बांध, मधोमध पठार, आणि सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. सह्याद्री पाहिलेल्याला ते ठेंगणेच वाटणार.

एवढ्यात एका मुलाने विचारले, "काका, तुमच्या देशातले मूळचे लोक कोण?"

पाहुणे हसले. म्हणाले, "कोणीच नाही. पक्षी."

तो विनोद नव्हता. माणसाची वस्ती तिथे कधी नव्हतीच. सस्तन प्राणी म्हणावे तर फक्त वटवाघळे. शिकार करणारे जनावर नाही, तेव्हा पळण्याची गरज नाही. त्यामुळे दूरवरून आलेल्या एका कबुतराचा वंश तिथे पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेला, उडणे विसरला आणि जमिनीवर अंडी घालू लागला. हाच डोडो. १५९८ साली डच, म्हणजे आपल्या बखरींतले वलंदेज, बेटावर उतरले आणि आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्रावरून त्यांनी बेटाचे बारसे केले. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरे. पण त्याचा घात अधिक केला तो जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवरच्या अंड्याला राखण कोण करणार? डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची मानतात.

मला मात्र ह्या पक्ष्याचे खरे नवल निराळेच वाटते. तो हिंदुस्थानात आला होता! १६३० च्या सुमारास पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने सुरतेस दोन डोडो पाहिले. मोगल दरबारचा चितारी उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्रही आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी १६६४ ची. तोवर तिकडे डोडो बहुधा संपलाही होता. सुरतेवर लिहिलेली इतकी पाने मी वाचली, पण त्या शहरात हा बिचारा पक्षी डोकावून गेला असेल असे कधी मनात आले नव्हते.

वलंदेज १७१० मध्ये बेट सोडून गेले. मागे राहिली जावा बेटातून आणलेली हरणे आणि ऊस. पुढे १७१५ त फ्रेंच आले, १८१० त इंग्रज. राजे बदलले, पण ऊस कायम राहिला, आणि उसाला हात हवे होते. फ्रेंचांनी ते आफ्रिका-मादागास्करहून गुलाम करून आणले. ती गुलामगिरी १८३५ साली कायद्याने उठली. पण मळेवाल्यांनी आधीच दुसरी तजवीज करून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. पंचांग मागे मोजत गेलो तर त्या साली दिवाळी नेमकी ह्याच दिवसांत येते. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे ह्या वाटेने गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेली थोडी, आणि त्यांतच आपली कोकणातली नि घाटावरची माणसे. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची! गुलामगिरी गेली असे कागदावर लिहिताना कारकुनाचा हात कापला नसेल काय?

त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज बहुसंख्य आहेत. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात, आणि आपल्या कोकणातली जाखडीही तिथे टिकून आहे. घरात मात्र बोलतात ती क्रिओल.

डोडो परत आला नाही. पण त्याच बेटावरचा एक लहान ससाणा १९७४ साली मोजला तेव्हा रानात अवघे चार उरले होते. पुढे कार्ल जोन्स हा वेल्सचा पक्षिशास्त्रज्ञ घरट्यातली अंडी हलकेच काढून उबवण्याच्या यंत्रात ठेवू लागला, आणि मादी फिरून अंडी घालू लागली. आता ते शेकड्यांनी आहेत.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही एसटीने दोन गावे केली, तिसरे दुसऱ्या दिवशी. तिन्हीकडे त्या आडनावाची घरे होती. तिन्हीकडे चहा मिळाला. खूण कुठेच पटली नाही. निघताना पाहुण्यांनी तिन्ही गावांची नावे देवनागरीत लिहिली, आणि ऱ्हस्वदीर्घ तपासून द्या म्हणून वही माझ्यापुढे केली.